तंबाखूपाणी बंद

उखाआप्पाला तंबाखूबंदी समितीचा अध्यक्ष केला, तेव्हा त्याच्या तोंडात गुटखा होता. गळ्यात हार पडल्यावर दोन शब्द बोलायला तो उठला, हाताने 'थांबा' अशी खूण केली, दाराबाहेर जाऊन गटारात पिचकारी मारली, उपरण्याने तोंड पुसत परत आला आणि व्यसन किती वाईट यावर चांगला पाव तास बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या तळहातांना चुना लागलेला होता.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच. पण देणाऱ्या विजयाताईंना चोर कोण ते ठाऊक नव्हतं. ताई सुरतेच्या चांगल्या भागात राहायच्या. यजमान बँकेत साहेब, स्वतः शाळेत शिक्षिका, आणि सुटीच्या दिवशी एका आरोग्य संस्थेचं काम करायच्या. संस्थेने ठरवलं होतं की वस्तीतूनच पुढारी उभे करायचे, म्हणजे वस्ती आपली आपण सुधारते. विचार वाईट नव्हता. ताई शहराच्या टोकाच्या दिंडोलीत आल्या, खानदेशातून आलेल्या लूम कामगारांच्या गल्लीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमच्यात पुढारी कोण?" सगळी बोटं उखाआप्पाकडे वळली. गावाकडून आलेल्या पोराला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मशीनवर लावून देणार आप्पा, भाड्याची खोली बघून देणार आप्पा, प्लेगच्या साली सगळे कुलपं ठोकून गावी पळाले तेव्हा गल्ली राखली तीही आप्पाने. समाजाच्या मंडळाचा प्रमुख तो, आणि पंचांमधला पहिला पंचही तोच. गल्लीच्या तोंडावरची पानाची टपरी त्याची आणि आजूबाजूच्या टपऱ्यांना गुटख्याच्या माळा पुरवणाराही तोच, हे मात्र ताईंना कोणी सांगितलं नाही. ज्याला त्याला आपली मशीन प्यारी होती.

मागे बायांच्या घोळक्यात कलाबाई बसली होती. तिचा नवरा दगा तोंडाच्या जखमेने जाऊन वर्ष होत आलं होतं. आप्पाचं भाषण संपेपर्यंत तिने दातावर दात दाबून धरले, मग ती उठून उभी राहिली.

"आप्पा, एक ईचारू का? दहावाना दिवस तंबाखूनी परात फिरस ना आपलामा, ती पहिले बंद करा. समिती करी शे, तर तठेन सुरुवात करा."

विजयाताईंना परातीचं काही कळलं नाही, पण बाई धीट आहे एवढं कळलं, म्हणून त्या हसल्या. आप्पा हसला नाही.

"कलावहिनी," तो सावकाश म्हणाला, "ती परात मन्ही नही, समाजनी शे. बापदादासपाईन चालत उनी. नवरा गया म्हनीसन तुन्हं डोकं फिरनं व्हई, पन समाजनं नही फिरनं."

बाया खाली बघू लागल्या. कलाबाईचा मुलगा वाल्मिक पुरुषांच्या रांगेत होता. त्याने आईकडे असं पाहिलं, की ती बसली नाही, तिला बसावं लागलं.

ही परात काय भानगड आहे ते सांगायलाच हवं. या लोकांत माणूस गेला की दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवल्यावर मेलेल्याच्या घरातून एक पितळी परात फिरते. परात त्या घरचीच पाहिजे. तिच्यात तंबाखू, चुना, विड्या आणि हल्ली गुटख्याच्या पुड्या. घरच्या बाईने ती उचलायची, थोरल्या मुलाने पहिली चिमूट घ्यायची, मग जमलेल्या प्रत्येकाने. चिमूट घेतली म्हणजे सुतक फिटलं, समाज त्या घरात परत आला. लग्नात तीच परात, बारशाला तीच परात. जो हात लावत नाही त्याने नातं तोडलं असं धरतात. गावाकडे होतं ते सगळं शेतातच राहिलं, बोलीसुद्धा पोरांच्या तोंडातून चालली, पण परात मात्र रेल्वेत बसून सुरतेला आली.

दगाचं तोंड मिटत मिटत गेलं. आधी तिखट सोसेना, मग जांभई देता येईना. खात्यात बारा तासांची पाळी. एक पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला. त्यामुळे सरकारी दवाखान्यात जायचं आज-उद्या करता करता गालाला आतून भोक पडलं. तिथल्या डॉक्टरने कलाबाईला स्वतःची तीन बोटं उभी धरून दाखवली होती. धडधाकट माणसाच्या तोंडात एवढी तीन बोटं जातात, म्हणाला. दगाच्या तोंडात एक जात होतं. शेवटी शेवटी चमच्याचा दांडाही जाईना, आणि कलाबाई नाकातल्या नळीतून पातळ पेज घालत बसायची. पेजेसाठी तोंड वासायचीही सोय नसलेला तो धिप्पाड माणूस तिच्याकडे नुसता बघत राहायचा.

आणि त्याच दगाच्या दहाव्याला तिने स्वतःच्या हाताने परात उचलली होती. समाजाच्या बाया दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या, डोकं बधिर होतं, हात आपोआप चालत होते. मुंडण केलेला वाल्मिक पुढे आला आणि त्याने परातीतली पुडी उचलून दातांनी फाडली. तो आवाज तिच्या कानातून गेला नाही. ज्याने बाप खाल्ला तेच पोराच्या तोंडात घालायला मी ताट घेऊन उभी, असं तिच्या मनात आलं आणि तिथे, सगळ्यांसमोर, तिने मान फिरवली. बायांना वाटलं, दुःखाने.

पुढे महिन्याभरात तिने वाल्मिकला धरून त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरने बॅटरी मारली. आत पांढरा चट्टा होता. आत्ता सोडशील तर वाचशील, डॉक्टर म्हणाला, नाहीतर पुढचा रस्ता तुझ्या आईला माहीत आहे. तेव्हापासून दर आठवड्याला कलाबाई पोराला म्हणायची, "तोंड उघाड." तो आधी उघडायचा. दोन बोटं जायची, तिसरं अर्ध्यावर. मग त्याने उघडणंच सोडलं.

"मी काय धाकला पोऱ्या शे का? बायकोसमोर तोंडमा बोटं घालस!"

त्याची बायको उज्ज्वला तेव्हा पोटुशी होती. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायची.

समितीची सभा झाली आणि थोड्याच दिवसांत दगाचं वर्षश्राद्ध आलं. समाज जमला. जेवणं झाली. सगळे परातीची वाट बघत हात पुसत बसले. कलाबाई आतून परात घेऊन आली. परातीत गूळ होता आणि भाजलेले शेंगदाणे.

"दगाना नाववर हाई घ्या," ती म्हणाली. "तंबाखू आते या घरमातीन निंघाव नही."

वाल्मिक मान खाली घालून बसला. आप्पाने परातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग जोड्यात पाय घातला. त्याच्या मागे सगळे पुरुष उठले. पण बाया सगळ्या उठल्या नाहीत. सखुबाई, कलाबाईची शेजारीण, साठीची म्हातारी, जिच्या हिरड्या मिसरीने काळ्या ठिक्कर पडल्या होत्या, तिने हात पुढे केला आणि गुळाचा खडा उचलला. मग दुसरीने, तिसरीने. साड्यांचे धागे कापायला रोज एका ओट्यावर बसणाऱ्या बाया होत्या त्या. प्रत्येकीच्या घरात एकेक तोंड होतं, आणि प्रत्येकीला ते मिटताना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. निकाल आप्पाने स्वतः सांगितला, गावाकडे त्याचा आजा सांगायचा त्याच शब्दांत.

"गूळ लिनारी जितली घरं शेतस, त्या बठ्ठा घरसनं आजपाईन तंबाखूपाणी बंद. त्यासना घरनं पाणी कोन्ही पेवानं नही. त्यासना मानूसले कोन्ही चिमूट देवानी नही, त्यासनी कोन्ही लेवानी नही. टपरीवर पुडी नही. ज्यानी दिन्ही, तो बी भाईर."

गावाकडे याहून मोठी शिक्षा नव्हती. शेतात राबणारा माणूस भाकरीआधी चिमूट मागतो. ज्याला कोणी चिमूट देत नाही तो जिवंतपणी मेला. आजाचे शब्द आप्पाला पाठ होते, आणि पाठ केलेली गोष्ट माणूस विचार न करता म्हणतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्याने भर पारावर करून घेतलं.

कलाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि वर्षात पहिल्यांदा ती हसली. पदर तोंडाशी न नेता, मोठ्याने.

"आप्पा, तुम्हना तोंडमा साखर पडो! वरीसभरपाईन माले जे पाहिजे व्हतं, ते तुम्ही फुकट दिन्हं."

पारावरच्या एक-दोघांनी तोंड फिरवून हसू दाबलं. आप्पाच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पण पंचाचा शब्द तोंडातून गेला होता आणि तो गिळायची रीत समाजात नव्हती.

आता कोणी म्हणेल, सुरतेत काय एकच टपरी होती? पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत चालत गेलं तर वाटेत पन्नास लागतात. खरं आहे, आणि काही जण गेलेही. पण खात्यात तंबाखू एकट्याने खायची वस्तू नाही. मशीनच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा एक जण मळतो, हात पुढे करतो, चौघं उचलतात, तेवढंच बोलणं. तो हात बंद झाला. ज्याला कोणी देत नाही आणि ज्याच्याकडून कोणी घेत नाही, त्याला स्वतःच्या खिशातलीसुद्धा चोरून खावी लागते. काहींनी चिडून सोडली. काहींनी कमी केली. दोन-तीन घरांत पुरुषांनी बायकांवर हात उचलला, की जा, आप्पाच्या पाया पड आणि मोकळं कर. बाया सुजलेल्या गालांनी ओट्यावर येऊन धागे कापत बसायच्या, पण आप्पाच्या दारात एकही गेली नाही. सखुबाईने तर मिसरीचा डबा गटारात उपडा केला आणि आठवडाभर कपाळ धरून बसली.

"कला, मन्हं बठ्ठं डोकं ठनकस ओ माय," ती विव्हळायची, "पन त्या उखाना नाकवर टिच्चून मी मिसरी लावाव नही."

प्रेमापोटी सुटली नसती ती वैरापोटी सुटली. वैरात मोठी ताकद असते, चांगल्या कामाला लागलं तर.

विजयाताई मध्ये एकदा येऊन गेल्या. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की वस्तीत फूट पडली. कलाबाईच्या ओट्यावर त्या अवघडून बसल्या.

"कलाबाई, तुमचा मुद्दा मला पटतो हो. पण समाजाच्या आतल्या भांडणात संस्थेला पडता येत नाही. उखाआप्पांना बरोबर घेतल्याशिवाय इथं काहीच होणार नाही. तुम्ही थोडं नमतं घ्या ना."

"ताई, तुमच्याकडं कोणाच्या तोंडाला फोड आला तर काय करता?"

"डॉक्टरकडे जातो."

"आमच्याकडं पाळी चुकते म्हणून जात नाहीत. तुमच्याकडं डॉक्टर आधी येतो, आमच्याकडं मरण आधी येतं. आणि तुम्ही मला म्हणता, नमतं घ्या. माझ्याकडं तेवढा वेळ नाही." कलाबाईने कात्री उचलली आणि धागे कापायला लागली. पाहुणीला पाणी विचारलं नाही. ताईंचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून कलाबाईला बरं वाटलं. कोणावर तरी तो राग निघायलाच हवा होता.

पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोच हातातून निसटत होता. खात्यात लूम कारागीर लघवीला गेला तरी शेजारचा त्याच्या मशीनवर नजर ठेवतो, धाग्याची तार तुटली तर जोडतो. वाल्मिकच्या मशीनकडे कोणी बघेना. त्याचं कापड नापास व्हायला लागलं, शेठ गुजरातीतून आईबापाचा उद्धार करायचा. बंदी पडलेल्या इतर घरांचे पुरुष निदान आपापसात बोलत. वाल्मिकशी तेही बोलत नव्हते, कारण आग लावणारीचा तो मुलगा. आईचा सूड म्हणून की काय, तो पर्वत पाटियाहून पुड्यांच्या माळाच आणायला लागला. झोपतानाही गालात गुटखा. कलाबाई त्याच्या उशीवरचे लाल डाग धुवायची. गल्लीतली तोंडं सुटत होती आणि तिच्या घरचं मिटत होतं.

अशात उज्ज्वला बाळंत झाली. मुलगा झाला. ओट्यावरच्या बाया आल्या, पण बाकी समाजाचं कोणी फिरकलं नाही. वाल्मिकने पोराला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ दाराकडे बघत बसला. पोरगा झाला आणि पेढा न्यायला दार नाही, हे त्याला बापाच्या मरणापेक्षा जड गेलं.

आप्पा याच क्षणाची वाट बघत होता. त्याचीही गोची झाली होती. त्याच्याच निकालाने त्याचं गिऱ्हाईक तोडलं होतं, आणि टपरीवर चकाट्या पिटणारे लोक हळूच विचारायला लागले होते, आप्पा, बंदी तुम्ही घातली की कलाबाईनं? निकाल मागे घ्यायचा होता, पण नाक वर ठेवून. त्याने वाल्मिकला खात्याच्या दारातच गाठलं, खांद्यावर हात टाकला आणि किती महिन्यांनी त्याच्यापुढे मळलेली चिमूट धरली. वाल्मिकने ती घेतली. घेताना त्याचे डोळे भरून आले, असं पाहणारे सांगतात.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. "बारसाले बठ्ठा समाज यी ऱ्हायना. आप्पा बठ्ठं मिटाडस. फक्त परात फिरनी पाहिजे, आपलाच घरमातीन. मी हो म्हनी दिन्हं."

"आनि पहिली चिमूट कोन ली? तू?"

"हां, मी! मन्हा पोऱ्यानं बारसं शे. त्यानं नाव ठेवाले कोन्ही येवाव नही तर काय कुत्रासमोर ठेवू? तू बापले ते वाचाडं नही, आते माले समाजमातीन मारी ऱ्हायनी!"

शेवटचं वाक्य त्याच्याही नकळत तोंडातून गेलं असावं. पण गेलं. कलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. नळीने पेज घालणारे तेच हात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून पोरगा म्हणतो, तू वाचवलं नाहीस. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "परात फिरी."

वाल्मिकला वाटलं, म्हातारी वाकली. उज्ज्वलाने सासूकडे वळून पाहिलं. ती या घरात आल्यापासून सासूला ओळखत होती, तिला तसं वाटलं नाही.

बारशाच्या दिवशी घरापुढे कापडी मांडव टाकला होता. लापशी शिजली होती. आप्पा पांढराशुभ्र सदरा घालून आला, मागे पंच, मागे समाज. विजयाताईंनाही त्याने बोलावलं होतं, समितीच्या अध्यक्षाने वस्तीतली फूट कशी मिटवली ते त्यांना दाखवायला; परात म्हणजे त्याच्या लेखी तंबाखू नव्हे, समाजाची रीत होती. बंदी पडलेल्या घरांतल्या बाया मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. सखुबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की कलाने विश्वासघात केला.

आप्पाने पिशवीतून तंबाखूचा पुडा काढला, चुन्याची डबी काढली, गुटख्याची माळ काढली. सगळा सरंजाम तो घेऊनच आला होता.

"हं, कलावहिनी. परात आन."

कलाबाई आत गेली. दगाच्या दहाव्याची तीच परात तिने सकाळी चिंच-राखेने घासून लखलखीत केली होती. आत उज्ज्वला पाळण्याशी उभी होती. कलाबाई काही बोलली नाही, नुसते हात पुढे केले. उज्ज्वलाने एकदा दाराकडे पाहिलं, आणि पोर पाळण्यातून उचलून सासूच्या हातात दिलं.

कलाबाई बाहेर आली तेव्हा परात तिच्या दोन्ही हातांवर होती. परातीत जुन्या लुगड्याची मऊ घडी आणि घडीवर पोर. कुंची घातलेलं, मुठी मिटलेलं, झोपेतच ओठ चोखणारं. ती सरळ आप्पासमोर येऊन उभी राहिली.

"हाई ल्या परात," ती म्हणाली. "ठेवा तुम्हनी तंबाखू. याना उरवर ठेवा, आनि फिरावा. याना आजा खाई लिधा तुम्ही, बाप निम्मा खाई ऱ्हायनात. आते यानापाईन सुरू करा, म्हनजे वाट देखानी गरज नही." मग विजयाताईंकडे वळून, त्यांना कळेल अशा मराठीत म्हणाली, "बघा ताई, तुमच्या समितीचे अध्यक्ष काम कसं करतात ते."

मागून एक पंच हळूच म्हणाला, "आप्पा, ऱ्हाऊ द्या." पण आप्पा सगळ्यांसमोर मागे सरणारा माणूस नव्हता, आणि तेच त्याला नडलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. समाजाची रीत मोठी की ही बाई मोठी, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरला होता. पोर त्याला दिसतच नव्हतं.

"रीत ती रीत," तो म्हणाला. त्याने पुड्यातून मूठभर तंबाखू घेतली आणि हात परातीवर नेला.

कलाबाईने परात मागे घेतली नाही. ती आप्पाकडे बघतच नव्हती. ती पोराच्या बापाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती, नुसता जाळ होता.

दोन चुरे पोराच्या कुंचीवर पडले. पोर शिंकलं.

वाल्मिकने आप्पाचं मनगट धरलं. बारा तास मशीन ओढणारा हात होता तो. आप्पाची मूठ उघडली आणि तंबाखू मांडवाच्या जमिनीवर सांडली.

"हात मांगे ल्या, आप्पा."

"वाल्मिक, ईचार कर. कायमनं बंद करसू. मशीनबी जाई तुन्ही."

"जाऊ द्या." तोंड नीट उघडत नसल्याने त्याचे शब्द दातांतूनच आले. "मन्हा पोऱ्यावरथीन हात काढा पहिले."

आप्पाने हात सोडवून घेतला. मनगट चोळत त्याने मांडवावर नजर फिरवली, की कोणी काही बोलेल, कोणी पुढे होईल. कोणी झालं नाही. मग त्याने कलाबाईच्या दारावर थुंकून, "हाई घर मरी गयं समाजले," असं जाहीर केलं आणि तो निघाला. बरेच जण त्याच्या मागे गेले. सगळे मात्र गेले नाहीत. जे राहिले ते आपण का राहिलो ते न कळल्यासारखे एकमेकांकडे बघत होते.

सखुबाईने फडकं आणून दारावरची थुंकी पुसली, आप्पाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत. मग हात धुऊन आली आणि आत्याच्या जागी स्वतः उभी राहून पोराच्या कानात उज्ज्वलाने ठरवलेलं नाव सांगितलं. भूपेंद्र. लापशी निवाली होती. बायांनी तशीच वाढायला घेतली. विजयाताई मांडवाच्या टोकाशी उभ्या होत्या, निघावं की थांबावं अशा विचारात. कलाबाईने त्यांना बस म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्या आपणच बायांच्या पंगतीत खाली बसल्या.

वाल्मिक मागच्या मोरीशी जाऊन चूळ भरत होता. पुन्हा पुन्हा भरत होता. खिशातली माळ त्याने काढून शेजारी ठेवली होती, टाकली नव्हती. कलाबाई त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. माळेकडे तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. उद्या त्याला मशीन नसणार, परवा तलफेने त्याचा जीव कासावीस होणार, तेरवा तो तिच्यावर ओरडणार, हे सगळं तिला दिसत होतं. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"उघाड," ती म्हणाली.

किती महिन्यांनी त्याने तोंड उघडलं. दोन बोटं गेली. तिसरं नखाशीच अडलं. तिने जोर केला नाही, पण बोटं लगेच काढलीही नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंडात आईची बोटं असल्यामुळे त्याला काही बोलता येईना.

"उद्या परत देखसूत," ती म्हणाली.